रोगाची वाट

जनावर मेले की त्याचा रोगही त्याच्याबरोबर संपला, अशी समजूत खेडोपाडी फार दिवसांपासून चालत आली आहे. मेलेले जनावर गावाबाहेर ओढून टाकावे, गिधाडांनी व कोल्ह्यांनी ते फस्त करावे आणि धन्याने हात धुऊन मोकळे व्हावे, असा पूर्वीचा परिपाठ होता. गिधाडांचे थवे आकाशात फिरत होते तोवर हा परिपाठ बराचसा निभावूनही गेला; कारण गिधाडाच्या जठरातील आम्ल इतके तीव्र असते, की सडक्या मांसातील पुष्कळसे रोगजंतू तेथेच नष्ट होतात. परंतु १९९० नंतरच्या काही वर्षांत, गुरांना दिल्या जाणाऱ्या डायक्लोफिनॅक नावाच्या औषधामुळे, भारतातील गिधाडे झपाट्याने नाहीशी झाली. निसर्गाने नेमलेला सफाईदार गेला. मेलेली जनावरे मात्र उरली. गिधाडे जे काम न सांगता करीत होती, ते आता माणसाला समजून-उमजून करावे लागते.

हे काम नीट न झाल्यास काय अनर्थ ओढवतो, हे डुकरांच्या एका रोगाने साऱ्या जगाला दाखवून दिले आहे. त्या रोगाचे नाव आफ्रिकी वराहज्वर. हा रोग एका विषाणूपासून होतो. डुकराला प्रथम सपाटून ताप भरतो; ते खाणेपिणे सोडते; कानांवर व पोटावर तांबडे-जांभळे डाग उमटतात आणि बहुधा एक-दोन आठवड्यांत ते मरते. रोगाचा जोर मोठा असेल, तर कळपातील जवळजवळ एकही जनावर वाचत नाही. या रोगावर औषध नाही. व्हिएतनाम देशाने २०२३ साली एका लशीला मान्यता दिली. परंतु सर्व देशांनी निःशंकपणे स्वीकारावी अशी लस अद्याप हाती आलेली नाही. एक गोष्ट मात्र समाधानाची आहे. हा रोग माणसाला होत नाही.

या रोगाचे मूळ आफ्रिका खंडात आहे. तेथील रानात वॉर्टहॉग नावाची सुळेवाली डुकरे असतात. त्यांच्या बिळांत राहणाऱ्या गोचिडी हा विषाणू एका जनावरातून दुसऱ्यात नेतात. पण वॉर्टहॉगला त्याचा त्रास होत नाही. विसाव्या शतकाच्या आरंभी युरोपातील पाळीव डुकरे केनियात आणली गेली, तेव्हा ती पटापट मरू लागली. माँटगोमेरी या पशुवैद्याने या रोगाचा अभ्यास करून १९२१ साली त्याचे पहिले सविस्तर वर्णन प्रसिद्ध केले. पुढे १९५७ साली हा रोग पोर्तुगालमधील लिस्बन शहराजवळ उद्भवला. विमानांतून उरलेले उष्टे अन्न तेथील डुकरांना घालण्यात आले होते, आणि त्या अन्नातील मांसाच्या तुकड्यांबरोबर विषाणू समुद्र ओलांडून आला होता. २००७ साली तो काळ्या समुद्राकाठच्या जॉर्जिया देशात आला, २०१८ साली चीनमध्ये पोहोचला आणि २०२० साली भारताच्या ईशान्येस आसाम व अरुणाचल प्रदेश या राज्यांत शिरला.

पाय नसलेला, पंख नसलेला हा विषाणू इतके अंतर कसा चालून गेला? या प्रश्नाचे उत्तर त्याच्या चिवटपणात आहे. रोगी डुकराच्या रक्तात हा विषाणू विपुल असतो. लाळ, मूत्र आणि विष्ठा यांतूनही तो बाहेर पडतो. त्याला थंडी मानवते आणि उष्णता सोसत नाही. ४ अंश सेल्सिअस इतक्या थंड जागी ठेवलेल्या रक्तात तो दीड वर्षापर्यंत टिकल्याची नोंद आहे. गोठवलेल्या मांसात तो त्याहूनही अधिक काळ राहतो. विष्ठेत व मूत्रात तो त्या मानाने अल्पायुषी असतो. एका प्रयोगावरून असे अनुमान निघाले, की ४ अंशांवर तो विष्ठेत सुमारे ८ दिवस व मूत्रात सुमारे १५ दिवस रोगकारक राहतो. ३७ अंशांवर मात्र दोहोंतही तो तीन-चार दिवसांतच निष्प्रभ होतो.

या आकड्यांवरून दोन गोष्टी ध्यानात येतात. पहिली ही, की मेलेले डुक्कर हे विषाणूचे कोठारच होय. ते उघड्यावर पडून राहिले, तर रोगाचा साठा रानात मांडून ठेवल्यासारखे होते. दुसरी ही, की गोठ्यातील घाण थोडेच दिवस घातक असली, तरी तेवढे दिवस ती कोठे जाते यावर सारे अवलंबून असते. कारण ती स्वतः चालत नसली, तरी तिला चालवणारे पुष्कळ असतात. राखणदाराच्या पायतणाला ती चिकटते. खताच्या गाडीच्या चाकाबरोबर ती शेजारच्या गावी जाते. फावडे, बादली, दोरखंड यांवरून ती एका गोठ्यातून दुसऱ्यात शिरते. भटकी कुत्री व कावळे मांसाचे तुकडे उचलून दूर नेऊन टाकतात. माणसाला हा रोग होत नाही हे खरे. पण रोगाचा सर्वांत मोठा वाहक माणूसच आहे.

आसामात २०२० साली हा रोग आला, तेव्हा या गोष्टीचा कटू अनुभव आला. २०१९ च्या पशुगणनेनुसार भारतात सुमारे ९० लाख डुकरे होती व त्यांपैकी सुमारे २१ लाख एकट्या आसामात होती. ईशान्येकडील डोंगराळ मुलखात डुक्कर हे गरिबाघरची पुंजी समजले जाते. मुलांच्या शाळेचा खर्च, घरातील आजारपण, लग्नकार्य अशा वेळी डुक्कर विकून पैसा उभा करावयाचा, ही तेथील रीत आहे. अशा घरची डुकरे अकस्मात मरू लागली, तेव्हा लोक भांबावून गेले. भोपाळ येथील राष्ट्रीय उच्च सुरक्षा पशुरोग संस्थेने रोगाचे निदान केले. परंतु तोवर पुष्कळ जनावरे दगावली होती. काहींनी ती पुरली, तर काहींनी ओढ्यात व नदीत लोटून दिली. ब्रह्मपुत्रेच्या प्रवाहातून डुकरांची कलेवरे वाहत जाऊ लागली.

नदीत टाकलेले जनावर टाकणाऱ्याच्या दृष्टीआड होते, परंतु खालच्या गावाच्या दारी जाऊन लागते. ब्रह्मपुत्रेच्या काठीच काझीरंगाचे प्रसिद्ध राष्ट्रीय उद्यान आहे. तेथील रानडुकरांना हा रोग जडू नये, म्हणून वनखात्याने अगराटोली भागात सुमारे ६ फूट खोल व २ किलोमीटर लांब असा चर खणला. आसामच्या गवताळ रानात पिग्मी हॉग नावाचे, जेमतेम वीतभर उंचीचे, अत्यंत दुर्मीळ रानडुक्कर राहते. हा रोग त्याच्यात पसरला, तर पृथ्वीवरून ती जातच नाहीशी होण्याचे भय आहे. एका घरचे मेलेले डुक्कर नदीत पडल्याने किती दूरच्या जिवांना धोका पोहोचतो, हे यावरून दिसून येते.

असाच प्रकार, पण निराळ्या कारणाने, २०१३ साली चीनमध्ये घडला होता. त्या वर्षीच्या मार्च महिन्यात शांघाय शहरातून वाहणाऱ्या हुआंगपू नदीत व तिच्या वरच्या ओढ्यांत मेलेली डुकरे आढळू लागली. बाहेर काढलेल्या डुकरांची संख्या १६,००० वर गेली. काही कलेवरांत डुकरांचा एक वेगळाच विषाणू सापडला. तो माणसाला बाधत नाही. तरीही ज्या नदीचे पाणी लक्षावधी लोक पितात, तिच्यात हजारो सडकी शरीरे तरंगावी, ही गोष्ट नगरवासीयांना हादरवून टाकणारी होती.

या उलट, ज्या देशांनी मृत शरीरांकडे वेळीच लक्ष पुरवले, त्यांना यश आले. चेक प्रजासत्ताकात २०१७ च्या जूनमध्ये झ्लीन भागातील रानडुकरांत हा रोग दिसला. रानडुकरे मेलेल्या डुकराजवळ येतात, त्याला हुंगतात आणि आसपासची माती उकरतात. त्यामुळे एक कलेवर अनेकांना रोग देते. हे जाणून तेथील अधिकाऱ्यांनी रोगग्रस्त रानाभोवती कुंपण घातले, माणसांना तेथे जाण्यास बंदी केली आणि मेलेले प्रत्येक डुक्कर शोधून हलवण्यावर भर दिला. दोन वर्षांच्या आत तो देश रोगमुक्त झाला. बेल्जियममध्ये २०१८ साली असाच प्रसंग आला. तेथे शोधपथकांनी रान पिंजून काढले, कलेवरे पिशव्यांत बंद करून नेली आणि ती पडली होती तेथील जमीन निर्जंतुक केली. २०२० साली बेल्जियमही रोगमुक्त झाला. चेक प्रजासत्ताकात मात्र २०२२ साली हा रोग पुन्हा आला. शेजारच्या देशात विस्तव असता आपल्या घरी निष्काळजी राहून चालत नाही, असाच याचा अर्थ आहे.

मेलेल्या जनावराची विल्हेवाट कशी लावावी, याची एक शिस्त आहे. डुक्कर अकस्मात मेले, तर प्रथम पशुवैद्याला कळवावे. त्याचे शरीर फाडू नये. कारण सांडलेल्या रक्ताच्या प्रत्येक थेंबात विषाणू असतात. ते जमिनीवरून फरफटत नेऊ नये. जाड कापडात किंवा प्लॅस्टिकमध्ये गुंडाळून, गळणार नाही अशा गाडीतून न्यावे. पुरावयाचे असल्यास खड्डा विहीर, ओढा व वस्ती यांपासून दूर, पुराचे पाणी चढणार नाही अशा उंच जागी घ्यावा. तो इतका खोल असावा, की शरीरावर निदान एक मीटरहून अधिक जाडीचा मातीचा थर बसेल व कुत्र्यांना ते उकरून काढता येणार नाही. जेथे थोडे खणले तरी पाणी लागते, तेथे पुरणे धोक्याचे. तेथे जाळणे बरे. मात्र अर्धवट जळालेले शरीर तसेच सोडून देणे म्हणजे श्रम व सरपण दोन्ही वाया घालवणे होय. हे सारे काम मोठ्या व जाणत्या माणसांनीच करावे. मुलांनी त्या जागेपासून दूर राहावे.

यानंतर गोठ्याची पाळी येते. पुष्कळ लोक घाणीवरच औषध ओततात व काम झाले असे समजतात. परंतु चिखलाच्या व विष्ठेच्या आवरणाखाली विषाणू सुरक्षित बसतो. औषध त्याच्यापर्यंत पोहोचतच नाही. म्हणून आधी घाण खरवडून काढावी, मग साबणाच्या पाण्याने गोठा धुवावा, तो वाळू द्यावा आणि त्यानंतरच जंतुनाशक शिंपडावे. धुतलेले पाणीही ओढ्यात न सोडता खड्ड्यात जिरवावे. हा क्रम उलटा केला, तर खर्च होतो आणि रोग तसाच राहतो.

काढलेल्या मलमूत्राचे काय करावे? येथे शेतकऱ्याचे दोन जुने सोबती उपयोगी पडतात. पहिला चुना व दुसरा उकिरडा. शास्त्रज्ञांनी डुकरांच्या मलमूत्राच्या राड्यात हा विषाणू मिसळून त्याची परीक्षा घेतली. तेव्हा असे आढळले, की १०० किलो राड्यात १ किलो विरवलेला चुना या प्रमाणात मिसळला, तर ४ अंशांच्या थंडीतही विषाणू अडीच मिनिटांत निष्प्रभ होतो. चुना निम्मा घेतला तर अर्धा तास लागतो. चुन्याच्या तीव्र क्षारतेपुढे विषाणूचे आवरण टिकत नाही. तोच राडा ६५ अंशांपर्यंत तापवला, तर एक मिनिटही पुरते. अर्थात सर्वच विषाणू इतके हळवे नसतात. काहींना अधिक चुना, अधिक उष्णता व अधिक वेळ लागतो. म्हणून पशुवैद्याने सांगितलेले प्रमाण पाळणे श्रेयस्कर.

इतकी उष्णता विस्तवावाचून कोठून आणावयाची? ती उकिरड्यातच असते. हिवाळ्यातील सकाळी खताचा ढीग उकरला, तर आतून वाफ निघताना दिसते. ढिगातील असंख्य सूक्ष्म जीव काडीकचरा व विष्ठा खात असतात, आणि त्यांच्या या उद्योगातून उष्णता निर्माण होते. ढीग नीट रचलेला असेल, तर त्याच्या गाभ्याचे तापमान ५५ ते ६५ अंशांपर्यंत चढते.

नीट रचणे म्हणजे काय, याचा शास्त्रशुद्ध पाठ आपल्याच देशात तयार झाला. १९२४ ते १९३१ या काळात अल्बर्ट हॉवर्ड हे इंदूर येथील कृषिसंस्थेचे प्रमुख होते. त्यांनी व त्यांचे सहकारी यशवंत वाड यांनी भारतीय शेतकऱ्यांच्या जुन्या रीती आणि नवे शास्त्र यांची सांगड घालून खत तयार करण्याची एक पद्धत बसवली. ती ‘इंदूर पद्धत’ म्हणून जगभर प्रसिद्ध झाली. तिच्यात वाळलेला पालापाचोळा, शेण, मूत्राने भिजलेली माती व राख यांचे थर एकावर एक रचतात. ढीग ओला ठेवतात, पण चिंब होऊ देत नाहीत. कारण पाणी साचले की हवा कोंडते, हवा कोंडली की सूक्ष्म जीव मरतात आणि ढीग तापण्याऐवजी कुजून दुर्गंधी सुटते. ठरावीक दिवसांनी ढीग खालीवर करतात. रोग टाळण्याच्या दृष्टीने ही शेवटची कृती फार महत्त्वाची आहे. ढिगाचा गाभा तापतो, पण कडा थंड राहतात. ढीग उलटला म्हणजे कडेची घाण गाभ्यात जाते व प्रत्येक भागाला उष्णतेचा लाभ मिळतो. खत मुरेपर्यंत ढिगाभोवती कुंपण असावे, त्यावर पाऊस पडून पाणी वाहून जाऊ नये आणि डुकरांना तेथे फिरकू देऊ नये. बारा वर्षांनी उकिरड्याचाही पांग फिटतो, अशी म्हण आहे. पण नीट रचलेल्या ढिगाचा पांग तीन महिन्यांतच फिटतो. काल जी रोगाची खाण होती, ती आज शेताचे अन्न होते. कित्येक देशांत मेलेली जनावरेही लाकडाचा भुसा व पेंढा यांच्या जाड थरांत झाकून, याच तत्त्वाने, जाणकारांच्या देखरेखीखाली कुजवतात.

ज्ञान आहे, साधने स्वस्त आहेत. मग रोग पसरतो का? त्याचे एक कारण भीती हे आहे. रोग आढळला, की सरकारी नियमाप्रमाणे त्या जागेभोवतालच्या १ किलोमीटरच्या टापूतील डुकरे मारावी लागतात आणि १० किलोमीटरपर्यंत पाहणी ठेवावी लागते. आपली उरलीसुरली पुंजी जाईल या भयाने गरीब माणूस रोग लपवतो; रात्री गुपचूप कलेवर ओढ्यात टाकतो किंवा आजारी जनावर कमी भावात विकून मोकळा होतो. सरकार मारलेल्या जनावरांची भरपाई देते. ती वेळेवर व पुरेशी मिळाली, तर लपवण्याचा मोह कमी होतो. भारतात २००९ साली झालेल्या पशुरोगविषयक कायद्याने रोगाची वर्दी देणे हे मालकाचे कर्तव्य ठरवले आहे, आणि रोगाने मेलेले जनावर नदी, तळे वा कालवा यांत टाकण्यास मनाई केली आहे. परंतु प्रत्येक ओढ्यावर शिपाई उभा करणे कोणत्याही राज्याला शक्य नाही. तेथे माणसाची सदसद्विवेकबुद्धीच राखणदार असावी लागते.

नदीच्या काठी राहणारा प्रत्येक जण कोणाच्या तरी खालच्या अंगाला राहत असतो. वरच्या गावाने पाणी स्वच्छ ठेवावे अशी ज्याची अपेक्षा असते, त्याने स्वतः खालच्या गावाची तितकीच काळजी वाहिली पाहिजे. कुदळीने खणलेला एक खोल खड्डा, ओंजळभर चुना, नीट रचलेला उकिरडा आणि वेळेवर दिलेली वर्दी, ही साधने दिसण्यास क्षुद्र आहेत. पण ज्या रोगावर वैद्याजवळ औषध नाही, त्याची वाट अडवण्याचे सामर्थ्य या साधनांत आहे, आणि ती प्रत्येक शेतकऱ्याच्या आवाक्यातील आहेत.

स्वाध्याय

१. ‘मेलेले डुक्कर हे विषाणूचे कोठारच होय,’ असे का म्हटले आहे?
२. नदीत टाकलेल्या मृत जनावरामुळे कोणकोणाला धोका पोहोचतो? पाठातील उदाहरणे देऊन सांगा.
३. कारणे द्या : (अ) गोठा धुतल्यावरच जंतुनाशक शिंपडावे. (आ) खताचा ढीग ठरावीक दिवसांनी खालीवर करावा.
४. ‘पांग फिटणे’ व ‘हात धुऊन मोकळे होणे’ यांचा वाक्यांत उपयोग करा.
५. तुमच्या गावी मेलेल्या जनावरांची विल्हेवाट कशी लावतात, ते वडील मंडळींना विचारून दहा ओळींत लिहा.